डब्यातलं दूध आणि आईची गोळी

सोलापुरात गड्ड्याची जत्रा संपली, होम मैदानावरचे पाळणे उतरले, की आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळाला दानधर्माची आठवण होते. वर्षभर चहाच्या नावाखाली जमवलेल्या वर्गणीतून काही रक्कम उरलेली असते आणि तिचं काय करायचं यावर सिद्धेश्वर तलावाच्या काठी आठवडाभर खल चालतो. यंदा एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी सुचवलं, की शहरातल्या एचआयव्हीबाधित आयांच्या तान्ह्या बाळांना सहा महिने पावडरीच्या दुधाचे डबे पुरवावेत. झालं. मंडळात दोन तट पडले आणि तलावाकाठची चर्चा व्हॉट्सॲपवर गेली. पहिल्या तटाचं म्हणणं, ‘आजार ठाऊक असताना या बायका मुलं होऊच कशा देतात? आधी त्याला आळा घाला.’ दुसऱ्या तटाचं म्हणणं, ‘आई कशीही असो, निष्पाप बाळाचा काय दोष? आईचं विषारी दूध पिण्यापेक्षा डबा बरा.’ चार दिवसांत दोन्हीकडून शंभरेक संदेश पडले. एकमेकांना माणुसकी शिकवून झाली. पण या वादात जिचं दूध, जिचं बाळ आणि जिचा आजार, ती बाई एकदाही बोलली नाही, आणि तिच्या प्रकृतीविषयी कुणी चकार शब्द काढला नाही.

मी डॉक्टर नाही. शाळामास्तर होतो. ओळखीच्या एका समुपदेशक ताईंमुळे निवृत्तीनंतर काही वर्षं अशा आयांच्या बैठकींना जाऊन बसलो, कुणाचे संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज भरून दिले, एवढाच माझा अधिकार. तरीही माझं मत आधीच सांगून टाकतो. डबे देऊ नयेत. सोलापुरात तर मुळीच देऊ नयेत. बाळाला जगवायचं असेल तर त्याची आई जगली पाहिजे आणि तिची एचआयव्हीवरची रोजची गोळी चुकता कामा नये. बाकीचं सगळं त्यानंतर. आणि ‘निष्पाप बाळ’ हा शब्दप्रयोगही आपण सोडून द्यावा. बाळाला निष्पाप म्हणताना पापी कोण हे आपण न बोलता ठरवून टाकलेलं असतं. आपल्याकडे या आयांपैकी बहुतेकींना हा विषाणू लग्नाच्या नवऱ्याकडून आलेला आहे. त्यांनी केलेलं पाप म्हणजे घरच्यांनी पाहिलेल्या स्थळाला होकार दिला.

दुसऱ्या तटाची बाजू कच्ची आहे असं मात्र मी म्हणणार नाही. अंगावरच्या दुधातून विषाणू जातो, हे खरं आहे. काहीही उपचार नसतील तर गरोदरपण, बाळंतपण आणि स्तनपान मिळून १०० बाळांपैकी १५ ते ४५ जणांना लागण होते, आणि लांबलेल्या स्तनपानाचा त्यातला वाटा दहा-पंधरा बाळांचा भरतो. हा काही लहान आकडा नव्हे. डब्यातल्या दुधानं तो वाटा शून्यावर येतो, हेही खरं. अमेरिकेत १९८५ पासून अशा आयांना ‘अंगावर पाजू नका’ असंच सांगितलं जाई, आणि तिथले डॉक्टर अडाणी नव्हते. लागण झालेल्या बाळाचं पुढे काय होतं तेही लपवण्यासारखं नाही. औषध मिळालं नाही तर अशा बाळांपैकी एक तृतीयांश पहिला वाढदिवस पाहत नाहीत आणि निम्मी दुसरा पाहत नाहीत. हे चित्र डोळ्यांपुढे ठेवून कुणी डब्याकडे धावत असेल, तर त्याला मूर्ख म्हणण्याचा अधिकार मला नाही.

पण मोजायचं काय, हा खरा प्रश्न आहे. डब्याच्या बाजूनं बोलणारे एकच रकाना भरतात: बाळ पॉझिटिव्ह की निगेटिव्ह. समजा बाळ निगेटिव्ह राहिलं आणि पाचव्या महिन्यात जुलाबानं गेलं. ते कोणत्या रकान्यात लिहायचं? कार्यक्रमाचं यश म्हणून? आफ्रिकेतल्या डॉक्टरांना हा प्रश्न फार महागात पडून कळला. बोत्सवाना हा त्या खंडातला त्यातल्या त्यात सुस्थितीतला देश. हिऱ्यांचा पैसा, बऱ्यापैकी नळपाणी, आणि एचआयव्हीबाधित आयांच्या बाळांना सरकारकडून फुकट दुधाचे डबे. म्हणजे आमच्या मंडळाचीच योजना, पण देशभर आणि सरकारी खजिन्यातून. २००५ संपताना तिथे जोराचा पाऊस झाला, पाणी गढूळ झालं आणि २००६ च्या पहिल्या तीन महिन्यांत जुलाबाच्या साथीत शेकडो लहान मुलं दगावली. चौकशी झाली तेव्हा दगावलेल्या आणि आजारी पडलेल्या बाळांत एक गोष्ट सगळ्यात ठळकपणे पुढे आली, ती म्हणजे ती अंगावर पीत नव्हती. ज्या बाळांना विषाणूपासून वाचवायला डबा दिला, त्यांना डब्यात कालवलेल्या पाण्यानं नेलं. त्याच सुमारास झांबियात लुसाकाच्या डॉक्टरांनी दुसरा मार्ग तपासून पाहिला: चार महिने पाजायचं आणि मग एकदम तोडायचं. २००८ मध्ये निष्कर्ष आले. दोन वर्षांनी जिवंत आणि विषाणूमुक्त राहिलेल्या मुलांच्या संख्येत काही फायदा दिसला नाही. ज्यांना आधीच लागण झाली होती, ती बाळं तर दूध तोडल्यामुळे जास्त दगावली.

आफ्रिकेचं आफ्रिकेत, आपल्याकडे काय, असं कुणी म्हणेल. तर पुण्याचं घ्या. बी. जे. मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अशा आयांच्या बाळांचा पाठपुरावा करून २००३ साली जे छापलं त्याचा मथितार्थ हाच होता, की वरच्या दुधावर वाढवलेल्या बाळांना पहिल्या काही महिन्यांतच रुग्णालयात भरती करण्याची वेळ अंगावर पिणाऱ्यांपेक्षा पुष्कळ जास्त आली. हे पुण्यातलं. पुण्याचं पाणी आणि सोलापूरचं पाणी यात किती अंतर आहे, हे सोलापूरकराला सांगायला नको.

आता पाण्याचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडं थांबतो, कारण आमच्या व्हॉट्सॲपवरच्या शंभर संदेशांत ‘पाणी’ हा शब्द एकदाही आला नव्हता. उजनीसारखं धरण उशाला असून सोलापुरात वर्षानुवर्षं चार-चार, पाच-पाच दिवसांनी नळ येत आला आहे. नळाचा दिवस हा आपल्याकडे सणासारखा असतो. रात्री दोनला पाणी सुटलं तरी घर जागं होतं. बॅरल, हौद, कळशी, पातेली, रिकाम्या डालड्याच्या डब्यापर्यंत जे मिळेल ते भरून ठेवायचं आणि पुढच्या नळापर्यंत पुरवायचं. चौथ्या दिवशी बॅरलच्या तळाला राहिलेलं पाणी कधी पाहिलंय का? त्याच पाण्यात बाटली धुवायची, तेच उकळायचं आणि त्यातच पावडर कालवायची, दिवसातून आठ वेळा. दर वेळी बाटली आणि बूच उकळत्या पाण्यात टाकायचं. गॅसचं काय? रात्रीच्या दोन वेळांचं काय? आणि एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखालच्या खोलीत अर्धी उरलेली बाटली किती वेळ टिकेल? विडी कामगाराच्या घरात त्याच खोलीत एका बाजूला सूप असतं, तंबाखू असते, पानं कातरणं चालू असतं. हजार विड्या वळल्या की हातावर पडणारी मजुरी आणि सहा महिन्यांत एका बाळाला लागणारे अर्धा-अर्धा किलोचे चाळीस डबे, हे दोन आकडे एकमेकांपुढे ठेवून पाहा. आमच्या मंडळाचे पैसे तीन बाळांना पुरले असते, तेही चौथ्या महिन्यापर्यंत. पाचव्या महिन्यात ती आई काय करणार होती? पावडर पातळ करणार होती. एका चमच्याच्या जागी अर्धा. हे मी तर्कानं सांगत नाही, डबा परवडेनासा झाला की जगभर बायका हेच करत आल्या आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेनं या शतकाच्या सुरुवातीला एक कसोटी घातली होती: वरचं दूध तेव्हाच द्या, जेव्हा ते घराला पटेल, जमेल, परवडेल, टिकेल आणि सुरक्षित असेल. पाचही अटी एकदम. जुळे सोलापूरच्या एखाद्या बंगल्यात त्या पाचही पुऱ्या होतील. आमची योजना मात्र ज्यांच्यासाठी होती, त्यांच्या घरात पहिल्याच अटीपाशी अडकली असती.

‘घराला पटेल’ ही अट पुरुषांना सहसा दिसत नाही. बाळंतीण बाळाला अंगावर पाजत नाही, ही आपल्याकडे खाजगी गोष्ट नसते. पाचवीला आलेली शेजारीण विचारते, बारशाला आलेली नणंद विचारते. ‘दूध येत नाही का? शेपूची भाजी खा. डिंकाचे लाडू खा.’ सासू शतावरी आणून ठेवते. तिनं काय उत्तर द्यायचं? घरात डबा दिसला की आजार जाहीर झाला, असं एका बाईनं मला सांगितलं होतं, आणि तिच्या सासरी नवऱ्याखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. मग ती काय करते? चारचौघांत बाळाला छातीशी घेते आणि रात्री बाटली देते. हा मधला मार्ग सगळ्यात घातक. वरच्या दुधानं, पेजेनं बाळाच्या आतड्याचं कोवळं अस्तर दुखावतं आणि विषाणूला वाट मिळते, असं डॉक्टर सांगतात. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये १९९९ साली आणि नंतर झिम्बाब्वेत हे दिसून आलं, की निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळांपेक्षा हेही आणि तेही पिणाऱ्या बाळांत लागण कितीतरी जास्त. म्हणजे आपण डबा देतो तेव्हा बहुतेक घरांत ‘आईच्या दुधाऐवजी डबा’ पोचत नाही, ‘आईच्या दुधाबरोबर डबा’ पोचतो. दानशूरांना तो फोटोत दिसत नाही, एवढंच.

आणखी एक गोष्ट कुणी विचारली नाही. डबे वाटायचे म्हणजे यादी हवी. ती कुठून आणणार होतो आपण? ‘सिव्हिलमध्ये ओळख आहे, काढून घेऊ’, असा एक संदेश आला होता खरा. एचआयव्हीबाधितांसाठीचा २०१७ चा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, आणि संमतीशिवाय कुणाची ही माहिती उघड करता येत नाही, हे तो स्वच्छ सांगतो. कायदा नसता तरी काय फरक पडतो? पन्नास फिरायला जाणाऱ्या माणसांच्या फोनवर ती नावं गेली असती. सोलापूर शहर मोठं असलं तरी पेठ लहान असते.

एवढं सगळं ऐकून आमचे बँक अधिकारी म्हणाले, ‘म्हणजे विषाणू जाऊ द्यायचा बाळात?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की दुधातून विषाणू जाण्याचा जो आकडा आपण धरून बसलो आहोत, तो औषध न घेणाऱ्या आईचा आहे. औषध घेणाऱ्या आईचा आकडा वेगळा आहे, आणि सगळा वाद या एका फरकाशी येऊन थांबायला हवा होता. एआरटीची, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणाऱ्या औषधांची गोळी नियमित पोटात गेली की काही महिन्यांत रक्तातला विषाणू इतका कमी होतो, की तपासणीत सापडत नाही. रक्तात नाही म्हटल्यावर दुधातही तो नावापुरताच उरतो. आफ्रिकेतले सहा देश आणि भारत मिळून चोवीसशेहून जास्त माय-लेकरांचा एक मोठा अभ्यास झाला. आपल्याकडचं केंद्र पुण्यालाच होतं. २०१८ मध्ये त्याचे आकडे आले: आई गोळ्या घेत असेल किंवा बाळाला रोज नेव्हिरॅपिन हे विषाणूविरोधी औषध मिळत असेल, तर बारा महिने अंगावर पाजूनही दुधातून लागण झालेली बाळं हजारात सहाच्या आसपास. या आया तब्येतीनं त्यातल्या त्यात बऱ्या होत्या, हे कबूल करतो. पण आज आपल्याकडे तब्येत ढासळण्याची वाट न पाहताच गोळ्या सुरू होतात, म्हणजे बहुतेक आया त्याच गटात बसायला हव्यात. ज्या अमेरिकेचा दाखला दिला जातो, तिथेही २०२३ पासून सूर बदलला आहे: विषाणू दबलेला असेल आणि आईची इच्छा असेल तर तिला पाजायला मदत करा, असं त्यांच्या मार्गदर्शनात आलं, आणि पुढच्याच वर्षी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही ते मान्य केलं. चाळीस वर्षांपूर्वीचा सल्ला तिथे राहिला नाही. आपण मात्र तो जुन्या कॅलेंडरसारखा भिंतीवर टांगून ठेवला आहे.

बाळाला आईपासून तोडून पाहण्याची चूक फक्त आमच्या मंडळाचीच आहे असंही नाही. वैद्यकशास्त्रानंही ती केली आहे. १९९४ मध्ये अमेरिका आणि फ्रान्समधल्या प्रयोगात दिसलं, की झिडोवुडिन हे विषाणूविरोधी औषध दिल्यानं बाळाला होणारी लागण दर शंभरी पंचवीसवरून आठवर येते. औषध महाग होतं. मग १९९९ मध्ये युगांडातून स्वस्त तोडगा आला: कळा सुरू झाल्या की आईला नेव्हिरॅपिनची एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला एकदा थेंब. लागण जवळजवळ निम्मी घटली. भारतात २००२ पासून सुरू झालेला कार्यक्रम पुढची बरीच वर्षं याच एका गोळीवर चालला. तिनं हजारो बाळं वाचवली हे नाकारण्यात अर्थ नाही. दक्षिण आफ्रिकेत ती मिळवण्यासाठी लोकांना सरकारविरुद्ध घटनात्मक न्यायालयापर्यंत जावं लागलं आणि २००२ मध्ये ते जिंकले. पण त्या एका गोळीत आईसाठी काय होतं? काही नाही. बाळ बाहेर आलं की तिचं काम संपलं. तिच्या स्वतःच्या उपचारासाठी रक्तातल्या सीडी-४, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी पुरेशा घटण्याची वाट पाहायची, आणि त्या घटल्यावर औषध द्यायला गेलं तर त्या एका गोळीनं विषाणू आधीच हुशार झालेला. मग ती बाई दोन-चार वर्षांत जायची. आणि आई गेल्यावर बाळाचं काय होतं, हे आफ्रिकेतल्या हजारो बाळांच्या नोंदींतून २००४ मध्ये पुढे आलं: आई वारलेली बाळं, लागण असो वा नसो, जास्त दगावतात. डोळे उघडले ते मलावीसारख्या गरीब देशामुळे. तिथे सीडी-४ मोजायला पुरेशी यंत्रंच नव्हती, म्हणून २०११ मध्ये त्यांनी ठरवलं, की गरोदर बाई पॉझिटिव्ह आली की तिला जन्मभराचं औषध सुरू, मोजमाप नंतर. भारतात २०१४ पासून गरोदर बायकांना आणि २०१७ पासून सगळ्यांनाच हे धोरण लागू झालं. म्हणजे ‘बाळासाठी आई’ इथपासून ‘आई, म्हणून बाळ’ इथपर्यंत यायला शास्त्राला पंधरा-वीस वर्षं लागली.

महाराष्ट्राला हा धडा खरं तर दीडशे वर्षांपूर्वीच मिळाला होता. तोही आमच्या जिल्ह्यात. विधवेला दिवस गेले की तिचं बाळ नदीत किंवा उकिरड्यावर जात असे, आणि त्यावर हळहळणाऱ्यांची तेव्हाही वाण नव्हती. ‘निष्पाप अर्भक’ हा शब्द त्या काळातही भरपूर वापरून झाला असणार. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा फक्त पाळणा ठेवला नाही, बाळंतिणीची खोली ठेवली. गुपचूप या, बाळंत व्हा, बाळाला नेणं न नेणं तुमच्या खुशीवर. पुढे १८७५ मध्ये पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकारानं तसंच गृह निघालं आणि प्रार्थना समाजानं ते चालवलं. विठ्ठलाच्या गावात त्याला विरोध झाला नसेल असं कोण म्हणेल? बाळाची हत्या थांबवायची तर आधी आईला छप्पर आणि गुप्तता द्यावी लागते, हे त्यांना एआरटीशिवाय आणि सीडी-४ शिवाय कळलं होतं. पुण्याच्या गृहात आलेल्या काशीबाईचं बाळ फुल्यांनी दत्तक घेतलं, तो यशवंत डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात रुग्ण आणता आणता सावित्रीबाई गेल्या. आज पंढरपूरलाच मंगलताई शहा यांची ‘पालवी’ एचआयव्हीबाधित मुलांना सांभाळते आहे. त्या कामापुढे हात जोडतो. पण पालवीत येणारं मूल हे बहुतेकदा आई आपण आधीच गमावलेली असते म्हणून येतं, हेही विसरता येत नाही.

पहिल्या तटाला, म्हणजे ‘मुलं होऊच का द्यावीत’वाल्यांना, मी फार जागा देणार नाही. उपचारावर असलेल्या बाईचं बाळ निगेटिव्ह जन्मण्याची शक्यता आज शंभरात अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव आहे. मधुमेह, रक्तदाब, थॅलेसेमियाचा वाहक असणं, यांपैकी कशासाठी आपण कुणाला मूल होण्याची परवानगी विचारायला लावतो? शिवाय आपल्याकडे कितीतरी बायकांना आजार कळतो तोच मुळी गरोदरपणीच्या तपासणीत. तिसऱ्या महिन्यात रक्त घेतलं आणि निकाल आला. तिनं आधी ठरवावं तरी काय? एक मात्र त्यांच्या बाजूनं मान्य: तपासणी एकदा करून भागत नाही. सुरुवातीला निगेटिव्ह असलेल्या बाईला गरोदरपणात किंवा पाजत असताना लागण झाली, तर त्या ताज्या लागणीत रक्तात विषाणू उसळलेला असतो आणि बाळाला सगळ्यात मोठा धोका तेव्हाच असतो. यावर उपाय बायकांना मूल नाकारणं हा नाही, नवऱ्याला तपासणीला आणणं हा आहे. तो कुठे येतो? जाऊ द्या.

माझ्या म्हणण्यावरचा खरा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो आमच्या समुपदेशक ताईंनीच घेतला. ‘सर, गोळी घेतली तर हे सगळं खरं. घेतात का?’ कागदावरचं औषध आणि पोटातलं औषध यांत मोठं अंतर आहे. सोलापुरात ते कुठे पडतं, हे त्यांच्या वहीत दिसतं. पहिलं बाळंतपण माहेरी. माहेर कर्नाटकात, इंडीला, आळंदला, विजयपूरच्या बाजूला. म्हणजे राज्य वेगळं, केंद्र वेगळं, भाषा वेगळी. सातव्या महिन्यात मुलगी गोळ्यांच्या दोन बाटल्या घेऊन जाते, माहेरच्यांना माहीत नसतं म्हणून त्या धान्याच्या कणगीत लपवते, आणि त्या संपल्या की संपल्या. दुसरी कोयता घेऊन कारखान्याच्या पालावर गेलेली असते. तिसरीचा नवरा वारलेला असतो आणि दीर घराबाहेर काढण्याच्या बेतात असतो. बाळ सहा आठवड्यांचं झालं की टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन त्याची पहिली तपासणी करायची असते, कारण अठरा महिन्यांपर्यंत साध्या तपासणीत आईच्याच प्रतिपिंडांमुळे निकाल चुकतो. (कित्येक बाळांना अशा चुकीच्या निकालावर घरात आधीच ‘तसलं’ म्हणून टाकलेलं असतं.) सहाव्या आठवड्यापासून इतर संसर्ग टाळणारं कोट्रायमॉक्सॅझोल हे औषध सुरू करायचं असतं, मग सहा महिने, बारा महिने, अठरा महिने अशा फेऱ्या. यातली एक चुकली तरी काय होतं? लागण झालेल्या बाळांच्या मृत्यूंचा सर्वात मोठा उंचवटा दोन-तीन महिन्यांच्या वयातच येतो. दक्षिण आफ्रिकेतल्या एका प्रयोगात दिसलं, की लागण झालेल्या बाळाची तब्येत बिघडण्याची वाट न पाहता पहिल्या बारा आठवड्यांतच औषध सुरू केलं तर मृत्यू तीन-चतुर्थांशानं घटतात. म्हणजे माहेरी गेलेल्या मुलीचं बाळ ‘परत आल्यावर बघू’ म्हणून जे तीन महिने थांबतं, नेमके तेच तीन महिने त्याचे असतात. २०२३ मध्ये जगात एचआयव्ही असलेल्या मोठ्या माणसांपैकी ७७ टक्क्यांना औषध मिळत होतं आणि मुलांपैकी फक्त ५७ टक्क्यांना. ही दरी अशाच चुकलेल्या फेऱ्यांनी बनलेली आहे.

ताईंचा आक्षेप बरोबर आहे, पण तो डब्याच्या बाजूनं जात नाही. जी बाई गोळीसाठी महिन्यातून एकदा सिव्हिलला पोचू शकत नाही, ती आठ वेळा बाटली उकळू शकेल असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो? गोळी जिथे चुकते तिथे पैसे घालावेत. दिवसाची बुडालेली मजुरी, माहेरी गेलेल्या मुलीच्या फोनचं रिचार्ज, तिथल्या केंद्रावर तिच्याबरोबर जाणारं कुणीतरी, जे कन्नड बोलतं. ज्वारी, डाळ, शेंगदाणे. पाजणाऱ्या बाईला भूक लागते. निराधार योजनेचा अर्ज भरताना तहसीलच्या खिडकीवर आजाराचं नाव मोठ्यानं न वाचणारा कारकून मिळाला तर सोन्याहून पिवळं.

डब्याला जागाच नाही असं नाही. आई बाळंतपणात गेली, किंवा औषध लागू पडत नसल्याचं व्हायरल लोडनं, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या मोजणीनं दाखवलं आणि डॉक्टरांनी तिच्याशी बोलून ठरवलं, किंवा सगळं समजून उमजून तिनंच नको म्हटलं, तर डबा लागेल आणि तो स्वच्छ पाण्यासकट द्यावा लागेल. तो निर्णय त्या खोलीतला आहे, आमच्या मंडळाचा नव्हे. गंमत म्हणजे कायद्यालाही हे आधीच कळलेलं आहे. अर्भकांच्या दुधाच्या पर्यायांबाबतचा १९९२ चा कायदा अनाथालयाखेरीज कुणालाही असे डबे किंवा बाटल्या दान करू देत नाही. म्हणजे आमची योजना पुण्यकर्म तर नव्हतीच, वर बेकायदेशीर होती. हे मी समूहावर टाकलं तेव्हा पहिल्यांदाच दोन्ही तट गप्प झाले.

परवा तलावावर बँक अधिकारी स्वतःहून माझ्याशेजारी येऊन बसले. चहाच्या बिलाच्या मागच्या बाजूला त्यांनी हिशेब मांडला होता: एका आईच्या दीड वर्षात किती फेऱ्या, दर फेरीला किती मजुरी बुडते, माहेर कर्नाटकात असेल तर जास्तीचे किती. आकडा डब्यांच्या एक पंचमांशही भरत नव्हता. त्यांनी तो दोनदा तपासला, बँकेतल्या सवयीनं. मग म्हणाले, ‘एक अडचण आहे. डब्यांसाठी मी दुकानदाराला ॲडव्हान्स देऊन बसलोय.’ तो परत मिळतो का ते बघायला आम्ही उद्या टिळक चौकात जाणार आहोत.